हिरवी चिठ्ठी

धावपट्टीच्या टोकाला, इंधनाच्या टाकीमागे पत्र्याची एक खोली होती. तिथे बॅटरीमामांचं राज्य. फ्लाइंग क्लबातले सगळे त्यांना मामाच म्हणत, वयाने मोठे असलेले मॅनेजरसुद्धा. बायको चिडवायची, "अहो, एवढे भाचे झालेत, एकाने तरी कधी जेवलात का म्हणून विचारलंय?"

छोटी विमानं उडतात कमी आणि उभीच जास्त असतात. उभ्या विमानातली बॅटरी मात्र स्वस्थ बसत नाही. घड्याळ, एखादा बारीक दिवा, काहीबाही तिला गुपचूप पीत राहतं आणि कोणीच प्यायलं नाही तरी ती आपली आपण झिरपत जाते. मामा ती बाहेर काढत, ते बारा किलोचं धूड पोटाशी धरून खोलीत आणत आणि चार्जरला लावत. चार्जर काढला, की तिच्यावर जुना टॉवेल टाकून दारावर खडूने वेळ लिहीत. पुढचे दोन तास तिला कोणी हात लावायचा नाही.

"चार्जरवरून उतरल्या उतरल्या मीटर लावणं म्हणजे ताटावरून उठलेल्याला भूक आहे का विचारणं," ते म्हणत. "दोन तासांनी विचारा, मग खरं बोलेल."

दोन तासांनी मीटर बारा पॉइंट सात व्होल्टच्या खाली नसला, तर विमानाच्या दाराला हिरवी चिठ्ठी लागे, म्हणजे ते उडायला मोकळं.

आणखी एक नियम होता. बॅटरी एकदा पार उतरली, की नुसत्या मीटरवर भरवसा ठेवायचा नाही. ती भरून घ्यायची, मग तिच्यावर मोठा दिवा लावायचा आणि घड्याळ घेऊन समोर बसायचं. दिवा अर्धा तास टिकला तर पास, नाहीतर भंगार. मग पुन्हा चार्जिंग आलंच. यात सगळा दिवस जाई. बावीस वर्षांत मामांनी हा नियम कधी मोडला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी ते लहान विमानाची बॅटरी काढायला गेले, तर आतला सगळ्या विजेचा लाल स्विच चालूच. मीटर लावला, तर नऊ व्होल्ट. बॅटरी पार झोपलेली. आदल्या दिवशी ते विमान शेवटचं उडवलं होतं त्यांच्याच लेकीने.

आणि शुक्रवारी दहा वाजता तिची परवान्याची परीक्षा होती. सकाळी शिकवण्या, दुपारी क्लबच्या ऑफिसात फोन उचलणं, असं चार वर्षं करून तिने उड्डाणाचा एकेक तास जमवला होता. परीक्षक बाई तीन महिन्यांतून एकदा येत. क्लबची बाकीची दोन विमानं मोठी, तिने कधी न उडवलेली; आणि ती चोवीस व्होल्टची, त्यांची बॅटरी इथे चालणार नव्हती.

मामा स्विचकडे बघत राहिले. मग त्यांनी तो बंद केला आणि कोणालाही काही सांगितलं नाही. रात्रभर चार्जर लावला. सकाळी टॉवेल, खडू, दोन तास, सगळं रीतसर केलं. मीटर म्हणाला, बारा पॉइंट आठ. दिव्याच्या परीक्षेला वेळच नव्हता. त्यांनी हिरवी चिठ्ठी लावून टाकली. लावताना दोरीची गाठ दोनदा सुटली.

दहा वाजता लेक आली. विमानाभोवती फिरून तिने पंख, चाकं, तेल तपासलं. परीक्षक बाई वही घेऊन मागे होत्या.

"बाबा, बॅटरी कशी आहे?"

हा प्रश्न ती दर उड्डाणाआधी विचारायची आणि ते म्हणायचे, "ठणठणीत." आज त्यांचा हात चिठ्ठीच्या दोरीकडे गेला.

"बाबा?"

"थांब." त्यांनी चिठ्ठी ओढून काढली. "हे विमान आज जाणार नाही. बॅटरी पार उतरली होती. दिव्यावर तपासलेली नाही."

"पार उतरली? कशी?"

"स्विच चालू राहिला होता. बुधवारपासून."

लेकीचा चेहरा उतरला. मग ती फणकारली. "पण बाबा, इंजिन एकदा सुरू झालं की त्याला बॅटरी लागते कुठे? इंजिनातला मॅग्नेटो आपली ठिणगी आपण देतो. तुम्हीच शिकवलंय!"

"इंजिनाला नाही लागत. पण वर गेल्यावर जनरेटर बंद पडला, तर तुझा रेडिओ तिच्यावरच बोलणार. अर्धा तास बोलेल की पाच मिनिटांत गप्प बसेल, मला माहीत नाही. आणि माहीत नसताना मी तुला वर पाठवत होतो."

परीक्षक बाईंनी पेन थांबवलं. "मामा, मग चिठ्ठी हिरवी कशी?"

"मी लावली. लावायला नको होती."

"मला हे लिहावं लागेल. स्विचचंही आणि चिठ्ठीचंही."

"लिहा, मॅडम."

परीक्षा पुढे गेली, तीन महिन्यांनी. मॅनेजरांनी सांगितलं, सहा महिने मामांच्या चिठ्ठीवर मुख्य मेकॅनिकचीही सही लागेल. मामांनी मान हलवली आणि बॅटरी उचलून खोलीत नेली.

त्यांनी तिला दिवा जोडला. थोड्या वेळाने लेक आली, स्टुलावर बसली आणि घड्याळाकडे बघू लागली. वीस मिनिटं झाली. दिवा लख्ख. तीस. लख्खच. पस्तीस. एक्केचाळिसाव्या मिनिटाला तो पिवळा पडला.

"बघा," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. "ठणठणीत! माझी परीक्षा उगाच गेली."

"हो, उगाच," मामा म्हणाले. "पण सकाळी मला हे माहीत नव्हतं गं."

मग तिने बॅटऱ्यांची वही ओढली. मामांनी लिहिलं होतं, 'न तपासता चिठ्ठी लावली.' त्याखाली तिने लिहिलं, 'स्विच मी चालू ठेवला,' आणि सही केली.

"तुझी सही लागत नाही इथे," मामा म्हणाले.

"माहीत आहे." तिने दिव्याच्या वायरी काढल्या. "चार्जरला लावू?"

"लाव. लाल वायर आधी."

"बाबा, मला कळतं हो!"

संध्याकाळी चार्जर काढल्यावर तिने बॅटरीवर टॉवेल टाकला आणि खडू उचलून दारावर वेळ लिहिली. मामा सवयीने मीटर घेऊन पुढे झाले, तर ती दारातच आडवी उभी राहिली.

"दोन तास," ती म्हणाली. "चला, तोवर चहा घेऊ."