फुलोरा कुणी पाडला

मी बोलायला लागलो की गावातली माणसं आधी हसायची, मग ऐकायची. नोकरी औरंगाबादेत. क्रांती चौकातली निम्मी माणसं माझ्या घरी जेवून गेलीत, असं गावात सांगायचो. आणि चौकात सांगायचो की आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या धारेत म्हैस वाहून जाते. शेवटी चौकातले दोस्त ती धार बघायला एका रविवारी गावी आलेच.

दादा तेव्हा सोमवारपासूनच्या कोर्टाच्या तारखांसाठी आठवडाभर वैजापूरला गेलेला. मोसंबीची बाग पहिल्यांदाच फुलली होती. त्यानं झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण दिला, मग घोटाघोटानं पाजून फूल आणलं. वास असा, की खुलताबादच्या मधमाश्या डोंगर उतरून यायच्या. निघताना, सुट्टी काढून बाग राखायला आलेल्या मला म्हणाला, "आळं ओलं झालं की मोटार बंद. ताणातून उठलेलं झाड हाय. एकदम लई पाजलं तर फूल टाकून देईल अन् पाल्याच्या मागं लागंल."

"व्हय व्हय," मी म्हणालो.

दोस्तांसमोर मोटार चालू केली ती दुपार कलली तरी चालूच. वहिनी बांधावरून हाका मारत होती. मोटारीच्या आवाजात मला ऐकू येईना, म्हणून ती आत आली. खरं तर ती पाळीमुळं बाहेर बसलेली होती, आणि त्या दिवसांत बाईनं फुलातल्या बागेत पाय ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत.

"भाऊजी, बंद करा की! खोडं बुडाली."

"थांबा हो वहिनी, पाव्हणे बघायलेत."

दोन-चार दिवसांत बागेखाली पांढरा सडा पडला. इतका, की वरून वरात न्यावी. मायनं वहिनीला बागेतून निघताना पाहिलं होतं. "हिनंच पाय घातला," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. वहिनी जेवलीसुद्धा नाही.

मला राहवेना. "माय, फूल मी पाडलं. दिवसभर पाणी सोडलं."

मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "लई मोठं मन हाय रे तुझं. वहिनीसाठी एवढं खोटं!"

मी मारुतीची शपथ घेतली, दर्ग्याची घेतली. जितक्या शपथा, तितकं मायच्या डोळ्यांत पाणी. शेजारणी म्हणाल्या, दीर असावा तर असा. वहिनी खाली मान घालून उभी आणि माझं कौतुक चाललेलं. माझ्या घरी जेवलेला निम्मा चौक पचवणाऱ्या गावाला एवढं साधं खरं पचेना.

दादा आला. झाडाबुडी बोटं खुपसली, चिखल वर काढला, माझ्याकडं पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी त्यानं खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळी केली आणि पाण्याचं काम वहिनीकडं दिलं. कोणत्या दिवशी बागेत जायचं, कोणत्या दिवशी नाही, हे दोघांनी कुणालाच विचारलं नाही. ती महिन्याचे सगळे दिवस, हात राखून पाणी द्यायची. फूल टिकलं, वाटाण्याएवढी फळं धरली.

माय ओसरीवर शेजारणीला सांगत होती, "औंदा सून त्या दिवसांत बागेकडं फिरकली नाय, म्हणून धरलं बघ."

मी तोंड उघडलं. भाकरी थापता थापता वहिनी हळूच म्हणाली, "गप बसा, भाऊजी. तुम्ही बोललात की माझं खरंबी खोटं होतं."