पाच घरांची साडी

फोटो पाहून काका "शी" म्हणायचे. बरा आहे, जरा अंधारा आलाय, पुन्हा काढ, असली मलमपट्टी त्यांच्याकडे नव्हती. कोणी फोन पुढे धरला की ते चष्मा कपाळावर सरकवत, नाक पडद्याच्या अगदी जवळ नेत आणि नासक्या दुधाचे पातेले उघडल्यासारखे झटकन मागे घेत. "शी." आइंडहोव्हनच्या आमच्या मराठी मंडळातली मुले त्यांना शीकाका म्हणत. ती मुद्दाम भिकार फोटो काढून त्यांच्यापुढे रांग लावत, "शी" ऐकले की डचमध्ये आरोळी ठोकत आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहत.

मोठ्यांनाही त्यांनी कधी सूट दिली नाही. एका घरी जेवायला गेलो होतो, तिथे सोफ्याच्या वर यजमान पतिपत्नींचा ट्युलिपच्या शेतातला भलामोठा फोटो होता, मागे पवनचक्की, दोघांच्या गालांवर सारखीच गुलाबी लकाकी. काका वरणभात कालवताना मान वर करून "शी" म्हणाले. यजमानीणबाईंच्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. "अहो, जेवताना तरी," काकू म्हणाल्या. काका म्हणाले, "जेवतानाच बोलतोय. समोर टांगलंय, घशाखाली उतरत नाही." फोटोतला गोडपणा त्यांना खरोखर सहन होत नसे. एखादा फोटो आवडला तर मात्र ते काहीच बोलत नसत. चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकाने पुसत बसत आणि मग पाणी मागत.

नोकरीत त्यांनी याच्या अगदी उलटे काम केले. चिप छापणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत ते भिंगांच्या विभागात होते. एकच नक्षी लाखो वेळा, केसाचाही फरक न पडता उमटली पाहिजे, हे पाहण्यात त्यांची उमर गेली. "तिथे एक जरी वेगळं निघालं तरी माझी झोप उडायची," ते म्हणत, "आणि इथे दोन सारखे निघाले तर लाज वाटते." इथे म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या कोठीत. शेजारीपाजारी आपापल्या कोठ्यांमध्ये सायकली ठेवत. काकांनी आपली काळ्या कापडाने बंद करून तिथे फोटो धुण्याची खोली केली होती. हाताने धुतलेला प्रत्येक फोटो थोडा निराळा येतो, सावली कुठे दाट, कुठे पातळ, आणि त्यातले बहुतेक काकांच्या 'शी'ला बळी पडत. ते फाडत नसत, ओला कागद मुठीत चुरगाळत. संध्याकाळी वर आले की हातांना शिरक्यासारखा आंबूस वास यायचा. काकू त्यांना बेसनाने हात धुवायला लावत आणि तरीही कणकेला हात लावू देत नसत.

ज्या एका फोटोमुळे त्यांचे नाव मंडळाबाहेर गेले, तो काकूंच्या साडीचा होता. एका कडाक्याच्या थंडीत काकूंनी धुतलेली साडी बाल्कनीत वाळत घातली. पांढरी, बारीक काळ्या ठिपक्यांची, रोजच्या वापरातली सुती साडी. सकाळी ती गोठून फळीसारखी कडक झाली होती. काकूंनी ती दोरीवरून उचलून कठड्याला टेकवली, तर ती तशीच उभी राहिली. वरची घडी खांद्यांसारखी, खाली निऱ्यांसारख्या पन्हळी, मागे करडे आभाळ. कोणी बाई पाठमोरी उभी राहून रस्त्याकडे पाहते आहे असे वाटावे. काकू हसत आत आल्या आणि काका कॅमेरा घेऊन बाहेर गेले. एकच फोटो निघाला, कारण दुसरा काढेपर्यंत ऊन आले आणि साडी बसली.

हेगमधल्या एका गॅलरीच्या बाईंनी तो पाहिला आणि प्रती विकायला मागितल्या. काका तयार होते. काकू नव्हत्या. "माझी नेसती साडी आहे ती," त्या म्हणाल्या. "घराघरांत टांगायची नाही." दोघांचे काही दिवस बोलणे बंद होते असे मी ऐकले आहे. शेवटी काकूंनीच तोड काढली. पाच सवाष्णी जेवायला बोलावतो, तशी पाच घरे, आपले घर धरून. बाकीची चार त्यांनी स्वतः जाऊन पाहिलेली. त्याउपर एकही नाही. गॅलरीच्या बाईंना कलाकृतीच्या मर्यादित प्रतींची रीत ठाऊक होती, पण घेणाऱ्याच्या घरी फोटोग्राफरची बायको चहाला येते आणि भिंत पसंत करते हे त्यांना नवे होते. एका वकिलाला काकूंनी नकार दिला, कारण त्याला ती जोड्यांच्या कपाटावर लावायची होती.

पाचवी प्रत माझ्याकडे आली. माझे पती जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते आणि मी पुस्तकांपलीकडे कोणाशी फारशी बोलत नव्हते. काकू आल्या, कपाटांमधली उत्तरेची भिंत पाहिली, म्हणाल्या, "इथे ऊन येत नाही. इथे ती राहील." मी म्हटले, "काकू, तुम्ही सवाष्णींची घरे म्हणाला होतात." काकू भिंतीवर हात फिरवत होत्या. "साडीला काय माहीत ते," त्या म्हणाल्या. काका दारात उभे राहून चष्मा पुसत होते.

त्याच दुपारी, माझ्या जेवणाच्या टेबलावर, काकांनी पाकिटातून निगेटिव्ह काढली आणि काकूंपुढे ठेवली. काकूंनी पर्समधून शिवणाची कात्री काढली. मी नको म्हणाले. काका म्हणाले, "राहिली तर मोह होतो. मला नाही झाला तर माझ्यामागे कोणाला तरी होईल." काकूंनी ती उभी कापली, मग आडवी.

काका गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला गेले. मंडळाने शोकसभा ठेवली. वस्तीच्या सभागृहात, जिथे आमचा गणपती बसतो, तिथेच. प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या आणि वड्यांच्या तळणाचा वास खुर्च्यांना धरलेला होता. सगळी माणसे चांगली होती, सगळ्यांना काकांबद्दल माया होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कारण पुढे जे झाले त्याची मला अजून किळस येते.

मंडळाचा सचिव केतन भाषणाला उभा राहिला. झुइडास या व्यापारी भागात बँकेत काम करणारा, कोणाच्याही घरी सामान हलवायला सगळ्यात आधी पोचणारा मुलगा. त्याने काकांच्या दोन आठवणी सांगितल्या. मग त्याने एक टोपली फिरवली. टोपलीत फ्रिजवर लावायची चुंबके होती, आणि प्रत्येकावर काकूंची साडी. एका हळदीकुंकवाचे सामान पोचवायला गेला असताना पाचांपैकी एका घरी ती भिंतीवर दिसली, तेव्हा त्याने फोनवर टिपून घेतली होती. पांढरा रंग उदास वाटतो म्हणून एआयकडून ती जांभळी करून घेतली होती. कडेला मोरांचा सोनेरी पदर. बर्फाचे खरखरीत कण गुळगुळीत झाले होते आणि करड्या आभाळाच्या जागी सूर्यास्त होता. खाली हृदयाचे चिन्ह आणि 'आमचे शीकाका'.

"काकू, आता काका घराघरांत राहतील," केतन म्हणाला.

लोक चुंबके उलटीपालटी करून पाहत होते. किती गोड, कोणीतरी म्हणाले. दुसऱ्या कोणीतरी भावाच्या घरासाठी आणखी एक मागून घेतले. माझ्या हातातले चुंबक चिकट होते. ते मला तेलकट वाटले, जिवंत वाटले, आणि तरी टाकवेना, कारण टाकायचे कुठे? कचऱ्याच्या डब्यात, वड्यांच्या कागदांवर? माझ्या जिभेवर काकांचा शब्द आला होता. शोकसभेत तो म्हणता येत नाही. मी काकूंकडे पाहिले. त्यांनी केतनला विचारले, "किती केलीस?" तो म्हणाला, "काळजी करू नका काकू, सगळ्यांना पुरतील." काकूंनी मान डोलावली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो रडत होता.

महिन्याने मी त्यांच्याकडे गेले तर त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर फिकट चौकोन होता. त्यांनी स्वतःची प्रत उतरवून कपाटामागे तोंड फिरवून ठेवली होती. "तिच्याकडे बघितलं की ती जांभळीच दिसते मला," त्या म्हणाल्या. "फार प्रयत्न केला." माझ्या घरी येऊन माझी प्रत त्यांनी पाहिली, बराच वेळ, अगदी जवळून. मग हलकेच मान हलवली. तीही जांभळीच. केतनला सांगू का, वाटलेली चुंबके परत मागवू का, असे मी विचारले. काकू म्हणाल्या, "त्याला आयुष्यभर टोचेल. आणि फ्रिजवरून काढलं तरी डोळ्यांतून कोण काढणार?"

जानेवारीत, पूर्वीसारखी नव्हे पण बऱ्यापैकी थंडी पडायची होती, तेव्हा काकूंचा फोन आला. मुक्कामाला ये म्हणाल्या. ती साडी त्यांनी जपून ठेवली होती, विरलेली, एका ठिकाणी रफू केलेली. संध्याकाळी आम्ही दोघींनी ती भिजवली, पिळली आणि बाल्कनीत दोरीवर टाकली. सकाळी काकूंनी मला उठवले. साडी कडक झाली होती. एका बाजूने मी धरली, एका बाजूने त्यांनी, आणि आम्ही ती कठड्याला टेकवली. ती उभी राहिली. पांढरी, ठिपक्यांची, बर्फाच्या कणांनी खरखरीत. समोर ट्राममार्ग नाही, दुकाने नाहीत, नुसता सायकलींचा रस्ता आणि करडे आभाळ. काकू शालीत हात गुंडाळून तिच्याकडे पाहत होत्या. "हीच," त्या म्हणाल्या.

माझा हात नकळत खिशातल्या फोनकडे गेला.

"शी," काकू म्हणाल्या.

मी फोन आत टेबलावर ठेवून आले. तेवढ्यात ऊन कठड्यावर आले होते आणि साडीचा एक खांदा वाकला होता.