महालातली फरशी

आज मी जो काही आहे, तो माझ्या नामदेवकाकांमुळे. कळंबोलीपासून बेलपाड्यापर्यंत नव्या इमारतींच्या फरशा पॉलिश करून त्यांनी मला शिकवलं, परदेशी पाठवलं. आज पनवेलच्या आमच्या ऑफिसात फरशी घासायचं मशीन सुरू होतं. ओल्या दगडाच्या पिठाचा तो वास आला आणि व्हिएन्नातली एक दुपार आठवली.

त्या सहामाहीत मी नापास झालो होतो. अंगातलं बळच संपलं होतं. 'परत येतो' असं काकांना लिहिलेलं पत्र खिशात होतं. माझ्या खोलीतला नागपूरचा सुमेध मला बळेच जुना राजवाडा दाखवायला घेऊन गेला. आरसे, झुंबरं, छतावरची सोन्याची नक्षी बघून बघून मान दुखायला लागली. एका दालनात मी खालीच बसलो आणि संगमरवराच्या सांध्यावरून नख फिरवलं.

"अबे, सोनं वर आहे! खाली काय शोधतो?" सुमेध हसला.

काका प्रत्येक फरशीवर असंच नख फिरवायचे. "नख अडकला त काम बाकी हाय, पोरा," म्हणत सुजलेल्या गुडघ्यांवर पुन्हा बसायचे. तेव्हा मला तो त्यांचा हट्ट वाटायचा. आज या वयात माझेही गुडघे दुखतात, तेव्हा त्या हट्टाची किंमत कळते.

त्या दिवशी खिशातलं पत्र मी पोस्टात टाकलं नाही. दुसरं लिहिलं:

"काका, इथं राजाच्या महालातही नख अडकतं. तुमच्या फरशीवर कधी अडकलं नाही. मी नापास झालोय, परीक्षा पुन्हा देतो. काम बाकी हाय."