नवव्या मिनिटाचा गजर

आधीच कबूल करते: या सदरातले गूढ अनुभव मी आजवर त्यांतल्या चुका शोधण्यासाठीच वाचत आले. मी जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची मला सवय आहे. खाली लिहिलेल्या घटनेची मात्र नोंद आहे... आणि तीच माझ्या विरोधात जाते.

मागच्या उन्हाळ्यात गडहिंग्लजला आतेबहिणीचा साखरपुडा होता. त्याच दिवशी साडेतीनला कोल्हापुरात प्रयोगशाळेतल्या एका उपकरणावर मला वेळ मिळाली होती, तीही महिनाभर वाट पाहून. म्हणून पंगत बसण्याआधीच मी आण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन निघाले. आत्याने डबा बांधून दिला आणि टोमणाही. "शास्त्रज्ञ झालीस, पर चार घास खायाला सवड न्हाय व्हय गं?"

मी पहाटे चारपासून जागी होते. कागलच्या अलीकडे स्टिअरिंगवर डोळे मिटू लागले. अशा वेळचा माझा उपाय ठरलेला आहे — कॉफी पटकन प्यायची आणि लगेच वीस मिनिटे झोपायचे. कॅफिनचा परिणाम जाणवायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना डुलकी आणि कॉफी दोन्ही एकदम कामी येतात. प्रबंधाचे अर्धे काम मी याच जोरावर रेटले आहे.

रस्त्याकडेच्या एका मावशींच्या रसवंतीत चहा-कॉफीही मिळत होती. कडुनिंबाखाली गाडी लावली, काचा उतरवल्या, कॉफी संपवली. मागच्या सीटवर आण्णा मांडीवर डबा घेऊन बसले होते.

"आण्णा, वीस मिनिटं. मग जेवू. मधे उठवू नका हं, सगळं वाया जातं."

"झोप की. मी कुठं पळून चाललोय?"

एक चौतीसला फोनवर वीस मिनिटांचा टायमर लावला आणि सीट मागे केली.

गजर वाजला. माझा गजर म्हणजे कर्कश भोंगा आहे, मुद्दाम तसाच निवडलेला. दचकून उठले, फोन उचलला... आणि आवाज थांबला. स्क्रीनवर टायमर चालूच होता. अकरा मिनिटे आणि काही सेकंद शिल्लक — आकडे उतरत होते.

चिडून मागे वळले. आण्णा दाराला टेकून कलंडले होते. सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते. डबा तसाच, गाठही न सुटलेला. मला बघून भलतेच काही म्हणाले, "मास्तर आलं का?"

त्यांच्या खिशात इन्सुलिनचे पेन दिसले आणि क्षणात सगळे कळले. रक्तातली साखर झपाट्याने उतरत होती.

"मावशी, रस! पटकन!"

रसवंतीच्या मावशी ग्लास घेऊन निम्म्या वाटेवर आल्याच होत्या. आण्णांना गिळता येत होते. घोटघोट करून दोन ग्लास पाजले. काही मिनिटांत नजर स्थिर झाली, चेहऱ्यावर रंग आला. मग मी चढ्या आवाजात विचारले, "इंजेक्शन कधी घेतलं?"

"एकला, गाडीतच. घड्याळ चुकवायचं न्हाय, असं तूच सांगितलंयस की."

"मग जेवला का नाहीत?"

"लेक उपाशी झोपल्यावर बापानं आधी जेवायचं व्हय?"

"मग मला उठवायचं!"

"उठवू नका, असं बी तूच म्हणालीस."

दोन्ही नियम माझे होते आणि आण्णांनी दोन्ही तंतोतंत पाळले होते.

तेवढ्यात फोन कोकलू लागला. वीस मिनिटे पूर्ण झाली होती.

"बंद करा की बाई त्ये," मावशी वैतागल्या. "मघाशी बी असंच बोंबलत हुतं, म्हणून तर मी चरक सोडून हिकडं बघितलं. बघते तर म्हातारबा कलंडल्यात."

मी गजर बंद केला आणि फोनमधली गजरांची यादी उघडली.

नंतर सगळ्या शक्यता तपासल्या. दुसरा कोणताही गजर लावलेला नव्हता. आण्णांचा फोन बटणांचा, त्यात तो आवाजच नाही. मावशींचा चार्जिंगला लावून बंद ठेवलेला. आसपास दुसरी गाडी नव्हती. नवव्या मिनिटाला कॅफिनने मला जागे केले, असे क्षणभर मानू. पण कॅफिन भोंगा वाजवत नाही. मला तो स्वप्नात ऐकू आला म्हणावे, तर झोपले मी होते, मावशी नव्हे.

साडेतीनची वेळ मी फोन करून सोडून दिली. इतक्या आनंदाने मी आजवर काही गमावलेले नाही. कडुनिंबाखाली आम्ही दोघांनी डबा उघडला. "आता आधी कोण खाणार?" मी विचारले. आण्णांनी पुरणपोळीचा पहिला तुकडा मोडला आणि माझ्या डोळ्यांदेखत तोंडात घातला.

आजही मी कॉफी पिऊन झोपते, पण आधी आण्णांचे जेवण होते आणि मला केव्हाही हाक मारायची त्यांना पूर्ण मुभा आहे. प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर त्या दिवसाची नोंद आहे: पहिला गजर, नववे मिनिट. त्यापुढे 'कारण' लिहून ठेवलेली जागा अजून कोरी आहे. हा मजकूर लिहिताना आण्णा शेजारच्या खोलीतून ओरडतायत, "अगं, जेवलो मी! झोप आता!"