बंद बंगल्यातली बोअर

कोसाडजवळच्या त्या टाउनशिपमधलं पिवळसर पाणी मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा तिथल्या पोलीस स्टेशनला निरीक्षक होतो. कोणाचंही नाव न घेता सांगतो.

टाउनशिपमध्ये महानगरपालिकेची एक अट होती. प्रत्येक बंगलेवाल्याने पावसाचं पाणी जमिनीत जिरवायला आवारात बोअर घ्यायची आणि तिच्यात दुसरं काहीही सोडायचं नाही. पिण्याचं पाणी मात्र सगळ्यांना सोसायटीच्या मोठ्या बोअरमधून मिळे. रामनवमीनंतर त्या पाण्याला वास येऊ लागला. लोकांना उलट्या सुरू झाल्या. एक लहान मुलगी अतिदक्षता विभागात दाखल झाली, तेव्हा सोसायटीचे चेअरमन पंधरा-वीस रहिवाशांना घेऊन ठाण्यात आले.

"साहेब, आ माणसनुं ज काम छे," हे याच माणसाचं काम, असं गुजरातीत सांगत त्यांनी एका भाडेकरूचं नाव घेतलं.

हा भाडेकरू धुळ्याकडचा, कतारगामच्या एका कारखान्यात कापड रंगवायचा. टाउनशिपमधल्याच एका बंगल्याच्या मागच्या खोलीत बायकोसह राहायचा. त्याचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत. तो घरी चोरून रंगकाम करतो आणि रंगाचं पाणी आवारातल्या बोअरमध्ये ओततो, असा सर्वांचा आरोप होता. जमादाराने त्याला आणलं तेव्हा त्याचा शर्ट फाटलेला होता. गेटवरच लोकांनी हात साफ केले होते.

मी त्याला समोर बसवलं. दोन-तीन प्रश्नांना तो हिंदीत अडखळत उत्तरं देत होता. माझं मूळ गावही खानदेशातलं. मी अहिराणीत विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, मनी बायको बी तेच पानी पेस. सकायपासून उलट्या करी राहिनी."

मी जमादाराला त्याच्या खोलीवर पाठवलं. बायको खरंच आजारी होती. खोलीत रंगाचा डबा नव्हता, की मोठं भांडं नव्हतं. ज्या पाण्यात विष ओतलं तेच पाणी कोणी घरच्यांना पाजत नाही. तरी मी त्याला लगेच सोडलं नाही. बाहेर गर्दी उभी होती आणि ठाण्यातच तो सुरक्षित होता.

दुसऱ्या दिवशी टाउनशिपमध्ये जबाब घेत फिरलो. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. कोणी म्हणे शेजाऱ्याचा शोषखड्डा फुटलाय, कोणी म्हणे माळ्याने औषध सांडलंय. धुणीभांडी करणारी जालन्याकडची एक बाई जिन्याखाली मला गाठून हळूच म्हणाली, "माझं नाव येऊ देऊ नका, साहेब. कडेच्या बंद बंगल्यात दुपारचा टँकर येतो. पाण्याचा म्हणत्यात. पण तिथली बाग तर वाळून खडंग झालीय."

त्या बंगल्याचा मालक परदेशात होता. किल्ल्या चेअरमनकडे.

मी सरळ चेअरमनच्या घरी गेलो. ते अदबीने बोलले. टँकर टाकी भरायला येतो, म्हणाले. त्यांच्या पत्नीने पाणी आणून ठेवलं. स्वयंपाकघराच्या दाराशी पाण्याचे जार रांगेने ठेवलेले दिसले. मी सहज विचारलं, "वहिनी, जार कधीपासून घेता?"

"होळीच्या आधीपासून," त्या म्हणाल्या. "हेच म्हणाले, आता बोअरचं पाणी वापरू नको."

चेअरमनने मान खाली घातली. पाण्याची पहिली तक्रार रामनवमीनंतरची होती. या माणसाला त्याच्या कितीतरी आधी काय कळलं होतं?

ठाण्यात त्यांना एकच प्रश्न मी फिरवून फिरवून विचारला. आधी ते चिडले, मग वकिलाचं नाव सांगू लागले. शेवटी म्हणाले, "टँकरचं पाणी इतकं खोल जाईल असं वाटलं नव्हतं."

पंचांसमक्ष बंद बंगल्याच्या बोअरचं झाकण उघडलं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांची आग झाली. एका रंग कारखान्याचं सांडपाणी त्या टँकरमधून येत होतं, चेअरमन पैसे घेऊन ते या बोअरमध्ये सोडू देत होते आणि जमिनीखालून ते सोसायटीच्या मोठ्या बोअरपर्यंत पोचलं होतं. नमुने प्रयोगशाळेत गेले. चेअरमन, टँकरवाला आणि कारखानदार तिघांनाही अटक झाली. मुलगी वाचली.

भाडेकरूला सोडताना मी म्हटलं, "तू निर्दोष आहेस. जा घरी."

तो उठला नाही. "तुमले माहीत शे, साहेब. त्यास्ले कोन सांगी?"

मी त्याला जीपमध्ये शेजारी बसवलं. टाउनशिपच्या गेटवर उतरलो, लोकांना बोलावलं आणि त्यांच्यादेखत सांगितलं, याने काही केलेलं नाही. करणारा कोण ते तुम्हाला कळलंच आहे. ज्यांनी त्याला मारलं होतं ते मागे सरकले. मग त्या मुलीची आजी पुढे आली आणि तिने त्याच्या बायकोची तब्येत विचारली.

संशय घ्यावाच लागतो, तो आमचा धंदा आहे. पण संशयिताला चार लोकांसमोरून धरून नेतो आणि सोडतो मात्र मागच्या दाराने, हे मला त्या दिवशी फार खटकलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, निर्दोष निघालेल्या प्रत्येक माणसाला मी गणवेशात, भर दिवसा, त्याच्या दारापर्यंत सोडायला गेलो.