वेलीच्या जखमेवरची हळद

नातवानं द्राक्षबाग छाटून काड्यांच्या कापांना औषधाची पेस्ट लावली, की तो वास मला कवठे महांकाळच्या माळावर नेतो. लढाईच्या दिवसांत पेद्रूबाबा नावाचा परदेशी म्हातारा तिथं वाइनसाठी द्राक्षं लावत होता. होतं नव्हतं ते त्यानं त्यातच घातलेलं. एके दिवशी त्यानं हिरवे वेल छाटून बोडके केले. कापांतून पाणी ठिबकू लागलं. मी दहा वर्षांची महावैद्य! कापाकापाला हळद लावून चिंध्या बांधल्या.

"आवं बाबा, समदे येल मारलंसा की!"

लोक हसले. चिंध्या सोडून खिशात घालत तो म्हणाला, "फुटेल. नाय फुटला, परत लावीन."

फुटले. आज सगळा तालुका छाटणी करतो.

वाइनची पहिली बाटली त्यानं आमच्या आबांना दिली. तिच्या गळ्यात माझी पिवळी चिंधी होती.