नंदेश्वर मॅडमचा मासा

नंदेश्वर मॅडम कोणताही लेख शेवटाकडून वाचत. शोधलेखाच्या शेवटी संदर्भांची यादी असते, लेखकाने आधी कुणाकुणाचं वाचलं त्याची. बाकीचे लोक तिथवर पोचत नाहीत. मॅडम टेबलाशी उभ्या राहूनच ती यादी आधी उघडत, अंबाड्यात खोवलेली पेन्सिल काढत आणि यातलं पुढे काय मागवायचं त्यावर खुणा करत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, आधी लेख तरी वाचून घ्या." त्या म्हणाल्या, "भोयर भाऊ, मासा पुढं जाते तो शेपटीच्या जोरावर. तोंड त फक्त दिसाले असते."

मी भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि कुंदा नंदेश्वर तिथे प्राणिशास्त्र शिकवत. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा त्या आमच्याकडे रुजू झाल्या. वरठीहून स्कूटीवर येत. वडील तिथल्या पोलाद कारखान्यात मजूर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मॅडम उंच, आवाज खणखणीत. वर्गात प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत शिकवत, वर्गाबाहेर आल्या की घरची बोली.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, आपल्या लायब्ररीत नाही तो लेख दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येते ना?"

येतो, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. आंतरग्रंथालयीन देवघेव असं त्याचं भारदस्त नाव. एका ग्रंथालयाने आपल्या वाचकासाठी दुसऱ्याकडे पुस्तक किंवा लेखाची प्रत मागायची, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या महाविद्यालयात तशी मागणी कुणी कधी केलेली नव्हती. इंटरनेट म्हणजे कार्यालयातला एकच संगणक, त्यालाही वीज असेल तेव्हा. मी नागपूरच्या ग्रंथालयाला पत्र टाकलं. बऱ्याच दिवसांनी पाकीट आलं, आत स्टेपल केलेली झेरॉक्स. मॅडमनी ती दोन्ही हातांत घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे मागतलं त देते लोक!"

तेव्हापासून दर एक-दोन दिवसांनी त्या दारातूनच विचारत, "आलं का जी?" नमस्कार वगैरे नंतर. नागपूर, पुणे, हैदराबाद, कोलकाता, जिथे जिथे ते नियतकालिक असेल तिथे मी पत्रं टाकू लागलो. इतर प्राध्यापक थट्टा करत. एकजण म्हणाले, "दुसऱ्याच्या दारी किती वेळा जायचं, मॅडम?" मॅडमनी त्यांना शांतपणे सांगितलं, "मागून वाचाव, सांगून वापराव. न सांगता वापरणाऱ्याले लाज वाटली पायजे, मागणाऱ्याले कायची?"

एकदा चुकीचाच लेख आला. मागवला होता तळ्यातल्या माशांवरचा आणि निघाला चहाच्या मळ्यातल्या किडीवरचा. मी परत पाठवायला निघालो, तर मॅडमनी तो काढून घेतला. दोन दिवसांनी आणून दिला तेव्हा पहिल्या ओळीपासून वाचलेला होता. "पाहुणा चुकून आला म्हणून काय त्याले दारातूनच वापस पाठवाचं?" असं म्हणून त्यांनी मला त्या किडीचा जीवनक्रम समजावून सांगितला. मला तो ऐकावा लागला.

त्यांची पीएच.डी. मोहाडी तालुक्यातल्या एका गावतलावातल्या माशांवर होती. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण पुढची गोष्ट तशी आहे. मॅडमचं मूळ घराणं त्याच गावचं. आमच्याकडे गावोगावी जुने तलाव आहेत, त्यांच्या पाण्यावर खाली धान पिकतो, आणि त्यांत मासेमारी करतात ते ढिवर. मॅडम सुटीच्या दिवशी पहाटे तिथे जात, साडीचा काचा मारून पाण्यात उतरत आणि ढिवरांच्या जाळ्यातलं सगळं निवडून पाहत. मोठे मासे बाजाराला जायचे. बोटाएवढी मासळी ढिवर 'चिल्लर' म्हणून बाजूला टाकायचे. मॅडमचं काम त्या चिल्लरमध्येच होतं.

त्यातच त्यांना तो मासा सापडला. बोटभर लांब, अंगावर आडवे पट्टे, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. बाटलीत घालून त्या तो माझ्या टेबलावर घेऊन आल्या. त्यांच्याजवळच्या एकाही पुस्तकात त्याचं वर्णन जुळत नव्हतं. नागपूरच्या त्यांच्या मार्गदर्शकांनी पाहिला आणि त्यांनाही वाटलं की ही जात नवीन असावी. नव्या जातीला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो.

"काय नाव ठेवणार?" मी विचारलं.

मॅडम नेहमी लगेच उत्तर देत. या वेळी त्यांनी बाटली उन्हाकडे धरली. "आजाचं," त्या म्हणाल्या. "माझ्या आजाले त्या तलावाच्या घाटावर उतरू देत नव्हते, भाऊ. खालच्या नाल्यातून पाणी भरे तो. आता त्याच तलावातल्या माशाले त्याचं नाव लागन. साऱ्या दुनियेले लिहा लागन ते."

ही गोष्ट त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण बाटली त्यांच्या कपाटात पुढेच असायची.

मग एका लेखाच्या शेपटीत त्यांना एक संदर्भ दिसला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुणा साहेबाने मध्य प्रांतातल्या माशांवर लिहिलेला लेख. त्यात माशांची नुसती नावं आहेत की सविस्तर वर्णनं, कळायला मार्ग नव्हता; वर्णनांत हाच मासा निघाला तर तो नवा ठरणार नव्हता. मॅडमनी खूण केली आणि पान माझ्याकडे सरकवलं.

नागपूरकडे तो अंक नव्हता. पुण्याकडेही नव्हता. हैदराबादहून उत्तर आलं की अंक आहे, पण पानं इतकी जीर्ण झालीत की झेरॉक्स यंत्रावर ठेवता येणार नाहीत. मी कोलकात्याला लिहिलं. तिथून काहीच नाही.

इकडे मार्गदर्शकांना घाई झाली होती. त्यांनी सांगितलं, 'लेख उपलब्ध होऊ शकला नाही' एवढी ओळ घाला आणि पुढे जा, सगळेच तसं करतात. आमच्या प्राचार्यांनाही घाई होती, कारण महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती. त्यांनी कुठल्याशा वार्ताहराला सांगून टाकलं आणि 'मोहाडी तालुक्यात माशाची नवी जात' अशी बातमी मॅडमच्या फोटोसकट छापून आली. मॅडम तो पेपर घेऊन तडक प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. मी तेव्हा पुस्तकखरेदीच्या सह्या घेत तिथेच उभा होतो.

"सर, हे कोणं सांगतलं? माझं अजून वाचून नाही झालं."

"अहो, वाचायचं काय राहिलंय आता? चांगलंच झालं ना?"

"एक लेख यायचा आहे."

"आणि तो आलाच नाही तर?"

"त मंग मी दुसरीकडून मागवीन," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "भोयर भाऊ, कोलकात्याले अजून एक पत्र टाका."

मी टाकलं. या वेळी पत्रात मी स्वतःहून दोन ओळी जास्त लिहिल्या, की एका संशोधकाचं काम या एका लेखासाठी थांबलं आहे.

कोलकात्याचं पाकीट आलं ते दिवाळीच्या सुटीआधी. पानं मोजून, पुसट आहेत का बघून मगच वाचकाला द्यायची असा माझा नियम. तिथल्या ग्रंथपालांनी झेरॉक्स न काढता प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठवला होता. मी एकेक पान बघत गेलो आणि चित्रांच्या पानावर थांबलो. बोटभर मासा. आडवे पट्टे. शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. मला माशांतलं काही कळत नाही, पण ती बाटली मी इतक्या वेळा पाहिली होती की कळायचं ते कळलं.

दुपारी दारातून हाक आली, "आलं का जी?"

"आलं," मी म्हणालो आणि चित्रांचं पान वर ठेवून पाकीट पुढे सरकवलं.

मॅडमनी चित्र पाहिलं. खुर्ची ओढून बसल्या. मग उठून प्रयोगशाळेतून बाटली आणि भिंग घेऊन आल्या. वर्णनातली एकेक ओळ वाचायची आणि माशाकडे बघायचं, असं बराच वेळ चाललं. मी दोन चहा सांगितले. त्यांचा तसाच राहिला.

"तोच आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

"घाई करू नका, मॅडम. आणखी चार मासे तपासा. फरक निघेल एखादा."

"तपासीन. पण तोच आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. डोळे भरले होते, आवाज मात्र नेहमीचा होता. "त्या माणसानं आधी पाहिला, आधी लिवला. आता त्याचं नाव पुसून मी माझ्या आजाचं लिवू? आमची नावं पुसणारे बहुत होऊन गेले, भाऊ. मले त्यांच्यात नाही बसाचं."

त्यांनी आणखी मासे तपासले. फरक निघाला नाही. मार्गदर्शकांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. ते काही दिवस नीट बोलले नाहीत, मग म्हणाले की प्रबंधाची मांडणी बदलावी लागेल. प्राचार्यांचा चेहरा पडला. पेपरवाल्यांनी छोटासा खुलासा आतल्या पानावर छापला, तोही मॅडम दोनदा त्यांच्या कार्यालयात गेल्या तेव्हा. वरठीला घरी सांगणं तेवढं त्यांना जड गेलं. त्यांनीच मला नंतर सांगितलं, की वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुह्या आजाले नाव कुठं पायजे होतं, पोरी? त्याले पाणी पायजे होतं. तू त त्या पाण्यात कमरेएवढी उभी राहून आली."

प्रबंध पुन्हा लिहायला त्यांना दोन वर्षं लागली. आता तो त्या तलावातल्या सगळ्या माशांवर होता, चिल्लरसकट. कोणता मासा कुठल्या महिन्यात येतो, कोणता कमी झाला, कुणी आधी काय लिहून ठेवलं. शेवटची संदर्भयादी पाहून माझा ऊर भरून आला. त्यातला कितीतरी ऐवज माझ्या टेबलावरून गेला होता.

तोंडी परीक्षा नागपूरला झाली. ती ऐकायला कुणालाही बसता येतं, म्हणून मॅडमचे वडील आणि मी एसटीने गेलो. वडिलांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरेच प्रश्न विचारले. मॅडम न अडखळता उत्तरं देत होत्या. शेवटी परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुमच्या या प्रबंधात नवीन काय आहे?"

मार्गदर्शकांनी मान खाली घातली.

"नवीन काहीच नाही, सर," त्या म्हणाल्या. "पण जे लिहिलं आहे ते बरोबर आहे. तुम्ही कुठूनही तपासून पाहा."

वडील माझ्या कानाशी वाकले. "काय म्हणे ते साहेब? नवीन नाही म्हणून नापास करते का आता?"

परीक्षक प्रबंध चाळत होते, मग त्यांनी तो मिटला आणि म्हणाले, "मी तपासलंय. ठीक आहे, डॉक्टर नंदेश्वर."

"डॉक्टर म्हणाले," मी वडिलांना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

पुढे मॅडमना गोंदियाच्या एका महाविद्यालयात विभागप्रमुख म्हणून बोलावणं आलं आणि त्या गेल्या. मी त्यानंतर बरीच वर्षं त्याच टेबलावर होतो. हळूहळू सगळंच संगणकावर मिळू लागलं, पत्रं कमी झाली. तरी मधूनच एखादा विद्यार्थी येऊन म्हणायचा, "सर, हा एक लेख कुठंच भेटत नाही. 'उपलब्ध नाही' लिवून टाकू का?" मी त्याला समोरची खुर्ची दाखवायचो आणि पत्राचा कागद काढायचो.